परीक्षा प्रश्नपत्रिकेचीही व्हावी

(निरगुडसर, ता. आंबेगाव, जि. पुणे येथे शिक्षक, पालक आणि अभ्यासिका चालविणारे कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरचा डोंगर आणि पूर्वेला निरगुडसरचे शिवार. तालुका एकच, पण पाऊस दोन्हीकडे सारखा नाही. ढगांकडे बोट दाखवून ‘आज चांगला पाऊस झाला’ असे कुणी म्हटले, तर इथला शेतकरी पहिला प्रश्न विचारतो, ‘कुठे?’ ढग पाहून पाऊस मोजता येत नाही. त्यासाठी शिवारात पर्जन्यमापक लावावा लागतो. परीक्षेतील प्रश्नाचेही तसेच आहे. ‘हा प्रश्न सोपा आहे’ असे प्राश्निकाने म्हटले, की त्यालाही विचारले पाहिजे, ‘कुणाला?’ आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे. संगणकाच्या प्रोग्रामिंगच्या परीक्षेत प्रश्नाचे काठिण्य ठरवायचे कसे, ते ठरविण्याचा अधिकार कुणाचा आणि ते चुकले तर त्याचा भुर्दंड कोण भरतो?

हा विषय निरगुडसरसारख्या गावात कशासाठी, अशी शंका कुणाच्या मनात येईल. परंतु संगणक साक्षरता महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत नेणारे महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झाले, तेव्हा राज्याचे उच्च व तंत्रशिक्षण मंत्री असलेले दिलीप वळसे पाटील याच निरगुडसरचे. त्या महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे संगणकावर बसून परीक्षा देणे ही गोष्ट ग्रामीण मुलामुलींच्या अंगवळणी पडली. पुढे २००९ साली जवळच अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय सुरू झाले. बारावी विज्ञानाच्या द्विलक्षी अभ्यासक्रमात संगणकशास्त्र घेऊन सी प्लस प्लस ही भाषा आणि ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर अभ्यासणाऱ्या कितीतरी पिढ्या महाराष्ट्रात बाहेर पडल्या. म्हणजे प्रोग्रामिंगची परीक्षा ही आता केवळ पुण्या-मुंबईच्या मुलांची गोष्ट उरलेली नाही; ती इथल्या घराघरांत शिरलेली गोष्ट आहे.

अशा परीक्षेत एखादा प्रश्न अकारण अवघड पडला, तर काय होते? दहा गुण जातात, एवढेच नव्हे. गणितात कमी गुण पडले तर मूल म्हणते, ‘अभ्यास कमी पडला.’ प्रोग्रामिंगमध्ये अपयश आले की ते म्हणते, ‘आपल्याला ते डोकेच नाही.’ आईवडीलही तसेच धरून चालतात, कारण घरात त्या विषयातले जाणते कुणी नसते. एका बेताल प्रश्नावरून एक मुलगी एका क्षेत्राचा दरवाजा स्वतःसाठी कायमचा लावून घेते. दोष प्रश्नात होता, हे तिला कधीच कळत नाही. म्हणून प्रश्नाचे काठिण्य नीट जोखणे हा केवळ परीक्षा विभागाच्या सोयीचा विषय नसून न्यायाचा विषय आहे.

जाणत्याला न दिसणारी अडचण

काठिण्याचा अंदाज सर्वसाधारणपणे कोण करतो? विषय शिकविणारा शिक्षक. आणि नेमकी तिथेच मेख आहे. ज्याला एखादी गोष्ट सहज येते, त्याला ती पूर्वी येत नव्हती याचे विस्मरण होते. वीस वर्षे सायकल चालविणाऱ्या माणसाला तोल कसा सांभाळावा हे सांगता येत नाही. तो फक्त ‘बस आणि पायडल मार’ म्हणतो.

याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील येल विद्यापीठातले आहे. एलियट सोलोवे, जेफ्री बोनार आणि केट एर्लिख यांनी १९८३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना प्रश्न दिला होता तो असा : एकामागून एक संख्या वाचत जा, ९९९९९ ही संख्या आली की थांबा आणि आधीच्या संख्यांची सरासरी छापा. कोणताही प्राध्यापक म्हणेल की हा पहिल्या सत्राचा, हात धरून सोडविण्याजोगा प्रश्न आहे. प्रत्यक्षात पास्कल भाषेत तो बिनचूक सोडविणारे नवशिके १०० पैकी १४ निघाले. पुढचा अभ्यासक्रम घेणाऱ्यांपैकी ३६ टक्के आणि वरच्या वर्गातल्यांपैकी ६९ टक्के विद्यार्थ्यांनाच तो जमला. याच प्रश्नाला पुढे पर्जन्यमानाचे रूप मिळाले. रोजच्या पावसाचे आकडे वाचून सरासरी काढण्याचा हा ‘पर्जन्यमानाचा प्रश्न’ आजही जगभरातील संगणक-शिक्षकांत चर्चिला जातो.

या अभ्यासाचा दुसरा भाग अधिक बोलका आहे. संशोधकांनी पास्कल भाषेत एकच लहानसा बदल केला. लूपच्या मध्यातून बाहेर पडण्याची सोय दिली, म्हणजे ‘संख्या वाच, ती शेवटची असेल तर बाहेर पड, नसेल तर बेरजेत मिळव’ असा माणसाच्या मनात जसा विचार येतो, तसाच तो लिहिता येऊ लागला. त्याबरोबर बिनचूक उत्तरांचे प्रमाण नवशिक्यांत २४, मधल्या गटात ६१ आणि वरच्या गटात ९६ टक्क्यांवर गेले. प्रश्न तोच आणि गणितही तेच. फक्त विचार मांडण्याचे साधन मनाच्या चालीला जुळले. याचा अर्थ, काठिण्य हे प्रश्नाच्या पोटात बसलेले नसते. प्रश्न, सोडविणारा आणि त्याच्या हाती दिलेले साधन, या तिघांच्या गाठीत ते असते.

पुढे २००१ साली मायकेल मॅक्क्रॅकन यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या देशांतील शिक्षकांच्या गटाने चार विद्यापीठांतील २१६ विद्यार्थ्यांना सारख्याच स्वरूपाचे प्रश्न दिले. एका वर्षाचे शिक्षण झाल्यावर हे मुलांना यायलाच हवे, असे शिक्षकांना वाटत होते. सरासरी गुण पडले ११० पैकी सुमारे २३! कित्येक मुलांना प्रश्न कुठून हाती घ्यावा, हेच उमगले नव्हते. त्यानंतर २००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात देशांत पाहणी केली, तेव्हा लिहिलेला प्रोग्राम वाचून त्याचे उत्तर काय येईल, हे सांगतानाही पुष्कळ मुले अडखळतात असे दिसले. ज्याला वाचता येत नाही, त्याच्याकडून निबंधाची अपेक्षा करण्यासारखीच ही स्थिती होती. हे शिक्षक अननुभवी नव्हते. पाण्यात नेहमी पोहणाऱ्याला खोली जाणवत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

लीलावतीतील पायऱ्या

मग काठिण्य मोजायचे तरी कसे? याचे एक सुंदर उत्तर आपल्या परंपरेतच आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धांतशिरोमणी रचला. त्याचा पहिला भाग लीलावती. त्यात त्रैराशिक आहे : तीन राशी दिलेल्या, चौथी काढायची. त्यानंतर पंचराशिक येते. शंभरावर महिन्याला पाच व्याज, तर सोळांवर वर्षाचे किती? इथे मुद्दल आणि मुदत दोन्ही बदलतात. पुढे सप्तराशिकात कापडाची रुंदी, लांबी आणि नग येतात. नवराशिकात लाकडी फळ्यांची जाडी, रुंदी, लांबी आणि संख्या येते. एकादशराशिकात त्याच फळ्या वाहून नेण्याचे अंतर आणि भाडे यांची भर पडते.

नीट पाहिले तर युक्ती एकच आहे. भास्कराचार्य नवी रीत शिकवीत नाहीत. एका वेळी मनात धरावयाच्या राशींची संख्या ते वाढवीत नेतात. तीन, पाच, सात, नऊ, अकरा अशी ही चढण आहे. काठिण्याचा पहिला नियम यातून मिळतो : प्रश्न सोडविताना एकाच वेळी किती गोष्टी ध्यानात धराव्या लागतात, ते मोजावे. विद्यार्थ्यांसमोर मांडलेले संदर्भही व्याज, कापड, लाकूड, गाडीभाडे असे त्या काळच्या कुणाही शिकणाऱ्याला ठाऊक असलेले आहेत. त्यामुळे श्रम पडतात ते गणिताचे, संदर्भ समजून घेण्याचे नव्हेत. हा दुसरा नियम. आजच्या प्रश्नपत्रिकांत बहुधा तोच मोडला जातो.

चढ आणि काटे

ऑस्ट्रेलियातील जुडी शीअर्ड, सायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रारंभिक प्रोग्रामिंगच्या प्रश्नपत्रिकांची गुंतागुंत तपासण्यासाठी सहा कसोट्या मांडल्या. प्रश्नात बाहेरच्या विषयाचे ज्ञान किती लागते? काय करायचे ते किती स्पष्टपणे सांगितले आहे? प्रश्नाची भाषा किती गुंतागुंतीची आहे? संकल्पना किती आणि त्यांची गुंफण कशी आहे? वाचावा किंवा लिहावा लागणारा प्रोग्राम किती लांब आहे? आणि बुद्धीला कोणत्या पातळीवर काम करावे लागते, म्हणजे आठवायचे आहे, समजून घ्यायचे आहे, वापरायचे आहे, की स्वतः रचायचे आहे?

या सहा कसोट्यांचे दोन गट करून पाहावेत. शेवटच्या तीन म्हणजे वाटेचा चढ. तो चढण्याची ताकद विद्यार्थ्यात आहे की नाही, हेच परीक्षेला पाहायचे असते. पहिल्या तीन म्हणजे वाटेतले काटे. काट्यांमुळेही वाट अवघड होते, पण त्याने चढण्याची ताकद मोजली जात नाही. कुणाच्या पायात वहाणा आहेत, एवढेच कळते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलापुढे पाच ओळींचे एकच लांबलचक इंग्रजी वाक्य ठेवले आणि त्याला अ‍ॅरेवरचा सोपा प्रोग्राम लिहायला सांगितले, तर तो नापास झाला कशात? अ‍ॅरेत की इंग्रजीत? गुणपत्रिका मात्र ‘संगणकशास्त्र’ असेच म्हणते.

स्पष्टतेच्या कसोटीबाबत थोडे तारतम्य ठेवावे लागते. वरच्या वर्गांत काय करायचे ते शोधून काढणे हाच अभ्यासाचा भाग असतो. तिथे सगळे उलगडून सांगणे योग्य नव्हे. पण ती अस्पष्टता प्राश्निकाने जाणीवपूर्वक ठेवलेली असावी, निष्काळजीपणातून राहिलेली नसावी.

आज अभियांत्रिकीच्या अनेक प्रश्नपत्रिकांत प्रत्येक प्रश्नापुढे ब्लूमची पातळी छापलेली असते. बेंजामिन ब्लूम यांनी १९५६ साली मांडलेले वर्गीकरण उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु ‘लिहा’ ऐवजी ‘विश्लेषण करा’ असे क्रियापद घातल्याने प्रश्न वरच्या पातळीवर जात नाही. पॅलिंड्रोम ओळखण्याचा प्रोग्राम ‘रचा’ म्हटले आणि तोच प्रोग्राम वर्गात चार वेळा फळ्यावर लिहून दिलेला असला, तर ती रचना नव्हे; ती पाठांतराची परीक्षा आहे. पातळी क्रियापदावरून नव्हे, तर विद्यार्थ्याने आधी काय पाहिले आहे त्यावरून ठरते. जो प्रश्न एका महाविद्यालयात निर्मितीचा, तोच शेजारच्या महाविद्यालयात घोकंपट्टीचा असू शकतो.

दुधाचा हिशेब

हे सारे एका उदाहरणावर तपासून पाहू. प्रश्न असा : दूध संकलन केंद्रावर आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या दुधाचे लिटर आणि फॅट वाचावे, लिटरच्या जागी शून्य आले की थांबावे, एकूण दूध आणि सरासरी फॅट छापावी.

वरकरणी दहा ओळींचा प्रोग्राम. आता त्यातल्या गाठी मोजाव्यात. पहिली, बेरीज साठवत जाणे. दुसरी, किती नोंदी येणार हे आधी माहीत नसताना लूप चालविणे. तिसरी, थांबण्याची खूण असलेले शून्य हिशेबात न धरणे. चौथी, एकही शेतकरी आला नाही तर शून्याने भागाकार होऊ न देणे. आणि पाचवी गाठ सर्वांत खोल आहे : सरासरी फॅट म्हणजे नुसत्या फॅटच्या आकड्यांची सरासरी नव्हे. एकाने ४ फॅटचे १० लिटर दूध घातले आणि दुसऱ्याने ७ फॅटचे २ लिटर, तर साधी सरासरी साडेपाच येते. कॅनमधल्या एकत्र दुधाची फॅट मात्र साडेचार भरते. लिटरने गुणून मग एकूण लिटरने भागावे लागते.

ज्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला जाते, तिथल्या मुलीला पाचवी गाठ सहज उलगडेल. शहरातील सदनिकेत वाढलेला मुलगा तिथे चुकेल. आणि चुकला म्हणून त्याला प्रोग्रामिंग येत नाही असे ठरणार नाही. हाच न्याय उलट दिशेनेही लागू आहे. क्रेडिट कार्डाचे व्याज, विमानाच्या जोडउड्डाणाचे तिकीट, बहुमजली वाहनतळाचे दर असे प्रश्न आले की निरगुडसरच्या मुलाला आधी तो व्यवहार समजून घ्यावा लागतो आणि मग प्रोग्राम. त्याच तीन तासांत त्याच्यावर दोन परीक्षांचे ओझे पडते. यावर उपाय साधा आहे. संदर्भाचे जे ज्ञान तपासायचे नसेल, ते प्रश्नातच देऊन टाकावे. ‘सरासरी फॅट = (लिटर × फॅट) यांची बेरीज ÷ एकूण लिटर’ एवढी एक ओळ छापली, की काटा निघाला आणि चढ तेवढा उरला.

आणखी एक गोष्ट ध्यानात येते. हाच प्रश्न हवा तितका सोपा किंवा अवघड करता येतो. ‘दहाच नोंदी आहेत’ म्हटले, तर दुसरी आणि तिसरी गाठ सुटते. चौथीचाही प्रश्न उरत नाही. फॅटप्रमाणे दराचे टप्पे घातले, तर अटींची नवी गाठ पडते. शेतकऱ्यानिहाय महिन्याचे बिल मागितले, तर अ‍ॅरे लागतो. तोच प्रोग्राम तयार देऊन ‘याचे उत्तर काय येईल?’ विचारले, तर वाचनाची परीक्षा होते. त्याच्या ओळी उलटसुलट करून क्रम लावायला सांगितला, तर रचनेची परीक्षा होते आणि कोऱ्या कागदाची भीती टळते. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी न्यूझीलंडमध्ये २००६ साली मांडलेला हा प्रश्नप्रकार आता जगभर वापरला जातो.

जत्रेतल्या आखाड्यात पहिल्यांदा लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या लागतात आणि मानाची कुस्ती शेवटी. जोड लावणारे पंच पहिलवानांना नुसते नावाने नव्हे, अंगाने ओळखत असतात. प्रश्नपत्रिकेचा क्रमही तसाच असावा. पहिलाच प्रश्न छातीवर बसला, तर पुढचे येत असलेले प्रश्नही हातचे जातात.

सोप्या प्रश्नपत्रिकेचे नुकसान

इथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे. ग्रामीण मुलांसाठी प्रश्न सोपे करा, अशी ही मागणी नाही. किंबहुना तसे करणे हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय आहे. वर्षानुवर्षे फॅक्टोरियल, फिबोनाची आणि पॅलिंड्रोम यांच्याच भोवती प्रश्नपत्रिका फिरत राहिली, तर मुले तीन प्रोग्राम पाठ करतात, गुण भरघोस पडतात, निकाल शंभर टक्के लागतो आणि सगळे समाधानी होतात. पुढे हिंजवडीतील एखाद्या कंपनीत मुलाखतीला बसल्यावर कधीच न पाहिलेला साधा प्रश्न पुढे येतो आणि डोळ्यांसमोर अंधारी येते. परीक्षेने त्या मुलाला वेळेवर सांगायला हवे होते की तुझा पाया कच्चा आहे. तिने ते लपविले. रोग्याला बरे वाटावे म्हणून तापमापीचा पारा खाली दाखविणे ही दया नव्हे.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि या प्रश्नाला नवे वळण लागले. पाठ्यपुस्तकातले ठरावीक प्रोग्राम आता यंत्र क्षणात लिहून देते. घरी करून आणावयाच्या कामावरून विद्यार्थ्याची पारख करणे त्यामुळे कठीण झाले. परंतु यंत्राने लिहिलेला प्रोग्राम बरोबर आहे की नाही हे ओळखायला माणूसच लागतो. म्हणून दुसऱ्याने लिहिलेले वाचणे, ओळ-ओळ पडताळणे, चूक शोधणे आणि ती का झाली ते आपल्या शब्दांत सांगणे, या प्रश्नांचे मोल वाढले आहे. प्रश्न यंत्राला किती अवघड आहे, यावरून तो मुलाला किती अवघड जाईल हे ठरत नाही. ती मोजपट्टी इथे कुचकामी आहे.

आधी अंदाज, मग पडताळा

काठिण्य जोखण्याची शिस्त दोन टप्प्यांची आहे. परीक्षेआधी अंदाज आणि परीक्षेनंतर पडताळा. दुर्दैवाने पहिला टप्पा घाईने उरकला जातो आणि दुसरा बहुधा होतच नाही.

अंदाजासाठी प्राश्निकाने स्वतःचा प्रश्न स्वतः, कागदावर, घड्याळ लावून सोडवावा. आपल्याला लागला त्याच्या तिप्पट वेळ विद्यार्थ्याला लागेल, असा अनुभवी शिक्षकांचा ढोबळ आडाखा आहे. त्यानंतर दुसऱ्या शिक्षकाने, उत्तर न पाहता, तो सोडवावा. विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ओळखली जाणारी, १९७१ पासून प्रचलित झालेली एक पद्धत इथे फार उपयोगी पडते. परीक्षकांनी हुशार किंवा सामान्य मुलगा डोळ्यांसमोर आणायचा नाही. जेमतेम उत्तीर्ण होण्याच्या योग्यतेचा, काठावरचा विद्यार्थी आणायचा. असे १०० विद्यार्थी असतील तर त्यांपैकी किती जण हा प्रश्न सोडवतील, याचा आकडा प्रत्येक परीक्षकाने स्वतंत्रपणे कागदावर लिहायचा आणि मग सर्वांनी मिळून चर्चा करायची. एकाने ८० आणि दुसऱ्याने २५ लिहिले, तर प्रश्नात काहीतरी न दिसलेले आहे, हे परीक्षेआधीच कळते. ‘सोपा’ आणि ‘अवघड’ या शब्दांवर वाद होतो; आकड्यावर विचार होतो.

पडताळ्यासाठी दोन साधे आकडे पुरतात. पहिला, किती मुलांनी प्रश्न बरोबर सोडविला त्याचे प्रमाण. दुसरा थोडा सूक्ष्म आहे. एकूण गुणांवरून वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के विद्यार्थी वेगळे काढायचे. ही टक्केवारी ट्रूमन केली यांनी १९३९ साली सुचविली. समजा वर्ग ६० जणांचा आहे. म्हणजे वरचे १६ आणि खालचे १६. एक प्रश्न वर्गातील निम्म्या मुलांना आला. वरच्यांतील १४ जणांना आणि खालच्यांतील ३ जणांना. तो प्रश्न अवघड आहे, पण प्रामाणिक आहे. ज्याला विषय येतो त्याला तो ओळखतो. दुसरा प्रश्नही निम्म्यांनाच आला, पण वरच्यांतील ८ आणि खालच्यांतीलही ८ जणांना. तो प्रश्न काहीच मोजत नाही. तो नाणेफेक आहे. तिसरा प्रश्न वरच्यांतील ३ आणि खालच्यांतील ७ जणांना आला, तर निश्चित समजावे की शब्दरचनेत खोट आहे आणि अधिक विचार करणारी मुलेच त्यात फसली आहेत. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून हे कळायला वही-पेन्सिल आणि एक दुपार पुरे.

मोठ्या परीक्षांनीही आपली मर्यादा ओळखली आहे. महाराष्ट्राची सामाईक प्रवेश परीक्षा २०१९ पासून संगणकावर, अनेक सत्रांत होऊ लागली आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये लागू लागला. दोन सत्रांच्या प्रश्नपत्रिका तंतोतंत सारख्या अवघड ठेवता येतील असा दावा कुणालाच करता येत नाही, याची ती कबुलीच होय. लाखो विद्यार्थ्यांच्या परीक्षेत ही काळजी घेतली जाते. साठ मुलांच्या वर्गात मात्र प्राश्निकाचा शब्द अखेरचा मानला जातो.

आपल्या हाती काय आहे

हे काम करण्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. तालुक्यातील चार-पाच संगणक शिक्षकांनी सत्रातून दोनदा एकत्र बसावे, एकमेकांचे प्रश्न सोडवावेत, अंदाजाचे आकडे लिहावेत आणि निकालानंतर ते ताडून पाहावेत. प्रत्येक प्रश्नाखाली अंदाज किती होता, प्रत्यक्ष किती निघाले आणि मुले नेमकी कुठे चुकली, अशा तीन ओळी लिहिलेली वही जतन करावी. तीन-चार वर्षांत त्या वहीचे मोल कोणत्याही छापील प्रश्नसंचापेक्षा अधिक होईल. अंदाज चुकला यात कमीपणा नाही. तो चुकला हे कळून न घेण्यात आहे.

अभ्यासिका चालविणाऱ्या कार्यकर्त्यांना प्रोग्रामिंग आलेच पाहिजे असे नाही. परंतु मूल परीक्षा देऊन आले की प्रश्नपत्रिका समोर ठेवून त्याला विचारता येते : प्रश्न समजला नाही, की समजला पण सुरुवात कुठून करावी ते सुचले नाही, की सुरुवात केली आणि मध्येच अडले? या तिन्ही अडचणी भिन्न आहेत आणि त्यांची औषधेही भिन्न आहेत. पहिलीवर भाषेचा सराव, दुसरीवर सोडविलेली उदाहरणे वाचण्याचा अभ्यास, तिसरीवर हाताने ओळ-ओळ चालवून पाहण्याची सवय. नुसता ‘आणखी मेहनत कर’ हा उपदेश तिन्हींवर निरुपयोगी ठरतो.

आणि पालकांसाठी एवढेच. मुलगा किंवा मुलगी ‘पेपर फार अवघड होता’ म्हणाली, तर ती सबब आहे असे लगेच समजू नये आणि शाळेवर रागावूही नये. ‘कोणता प्रश्न? त्यात काय अडले?’ असे विचारावे. उत्तर तांत्रिक असेल, समजणार नाही, तरी ऐकावे. अडचण नेमकी कोणती ते शब्दांत सांगता आले, की मुलाचा ‘मला जमत नाही’ हा समज ‘मला अमुक एक गोष्ट अजून जमलेली नाही’ इतका आक्रसतो. त्या एका गोष्टीची तयारी पुढच्या आठवड्यात करता येते.